सदरा न काढणारी माणसं

पोटदुखीचा माणूस पोटावर हात धरून येतो, दाढदुखीचा गालावर. जे पुरुष आमच्याकडे छाती घेऊन यायचे, ते मात्र खोकला सांगायचे.

"डॉक्टर, खोकला हाय जरासा."

"किती दिवस?"

"हाय आपला."

मी छाती तपासायची नळी गळ्यातून काढली की माणूस बाकावर मागे सरके. "सदऱ्यावरूनच बघा की. थंडी लय हाय." वैशाखातल्या दुपारीही त्याला थंडी वाजत असे. एवढं झालं की मी आतल्या खोलीत डोकावून सांगायचो, "मोठे डॉक्टर, जरा बाहेर येता का?" मग मोठे डॉक्टर येत, दार लोटून घेत, आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या कोटाची बटणं सोडत. कोट खुंटीला लावून, बाह्या वर करून ते खुर्चीवर बसत आणि म्हणत, "हं, आता तुमची पाळी." कोट काढलेल्या माणसासमोर सदरा काढणं थोडं सोपं जातं, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

पुरुषाची छाती बाईसारखी वाढते, त्या विकाराबद्दल मी लिहितो आहे. दिवाळी अंकात हा विषय शोभणार नाही, असं संपादकांच्या एका मित्राने त्यांना सुचवलं. शोभत नाही म्हणून कुणी बोलत नाही, बोलत नाही म्हणून लपवतात, आणि लपवतात म्हणून त्यातली काही माणसं मरतात. तेव्हा शोभेचा विचार मी करणार नाही. अंकात फराळाच्या पाककृती असतीलच, ज्यांना हे नको त्यांनी तिकडे वळावं.

आमचा दवाखाना लोणावळ्याला, बाजारपेठेपासून थोडा वर. पत्र्याचं छप्पर, मोजक्या खाटा, आणि उत्तरेकडे मोठ्या काचांची खिडकी असलेली शस्त्रक्रियेची खोली. मोठ्या डॉक्टरांनी मुंबईत उभी हयात सुरी चालवली होती. निवृत्त होऊन हवेसाठी ते इकडे आले आणि हवा खाण्याऐवजी पुन्हा सुरीच चालवू लागले. मी त्यांचा मदतनीस. माझा जन्म तळेगावचा. काकांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि हस्तपत्रकं हा त्यांचा धंदा. दारूबंदी, हुंडा, स्वदेशी, अस्पृश्यता, नवसाला बोकड कापणं, या सगळ्याविरुद्धची पत्रकं वाळायला घातलेली असायची आणि मी त्यांच्याखाली बसून अक्षरं शिकलो. त्यामुळे माझ्या हातात नळी आली तरी तोंडात पत्रकच राहिलं. मोठे डॉक्टर म्हणायचे, "तू रोग्याची जीभ बघतोस तेव्हा तुझीच जास्त बाहेर असते."

आता या कामाबद्दल थोडं. पुरुषाच्या छातीतही स्तनाची ग्रंथी असते, जन्मापासूनच. ती झोपलेली असते, एवढंच. काहींची वाढते. मिसरूड फुटायच्या वयात तर कितीतरी मुलांची थोडी फुगते आणि आपोआप बसते. अशा मुलाच्या बाबतीत सर्जनचं काम हात मागे घेण्याचं. मोठे डॉक्टर मुलाला काही सांगण्याआधी बापाला सांगत, "याला घरात कुणी चिडवलं तर औषध चिडवणाऱ्याला द्यावं लागेल."

जे राहिले त्यांच्यात पहिला प्रश्न असा की, हे ग्रंथीचं मांस की चरबी? बोटाच्या चिमटीत धरलं की चरबी निसटते. ग्रंथी असली तर बत्ताशासारखी चकती लागते. मुंबईचे एक शेठ दर उन्हाळ्याला येत आणि "एकदाचं कापून टाका" म्हणून हट्ट धरत. मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले, "शेठजी, तुमचा रोग छातीत नाही, तुपात आहे. रोज सकाळी नागफणीच्या कड्याच्या वाटेने चालत जा." शेठ जात असत. येताना पेठेतून चिक्कीचा पुडा घेऊन येत, तो आम्हालाही देत.

दुसरा प्रश्न, मूळ कुठे आहे? कधी यकृत बिघडलेलं असतं, कधी अंडकोशात गाठ असते आणि छाती नुसती तिची बातमी देते. म्हणून छाती दाखवायला आलेल्याला मोठे डॉक्टर लंगोटही सोडायला लावत. बिचाऱ्याला वाटे, या म्हाताऱ्याला नेमकं बघायचंय तरी काय!

आणि तिसरा प्रश्न, एकाच बाजूला आहे का, आणि टणक आहे का? हा प्रश्न आला की मला रेल्वेतले एक शंटर आठवतात. धिप्पाड, हसरा माणूस. घाट चढून आलेल्या गाड्या त्यांच्या शिट्टीवर हलत. डाव्या बाजूची गाठ त्यांनी दोन पावसाळे बंडीखाली दाबून ठेवली होती. कातडी फुटून रक्त सदऱ्याला लागलं, तेव्हा बायकोने हाताला धरून आणलं. "हा बायकांचा रोग, मला कसा होईल? म्हणून म्हटलं गळू असेल," ते हसत म्हणाले. तो कर्करोग होता. पुरुषालाही होतो, क्वचित होतो, पण होतो. मोठ्या डॉक्टरांनी जेवढं काढता येईल तेवढं काढलं. पुढची होळी त्या घरात झाली नाही. पहिल्या पावसाळ्यात ते आले असते तर आज शिट्टी वाजवत असते, असं मोठे डॉक्टर कधी बोलले नाहीत. मी मात्र दरवेळी बोलतो. त्या माणसाला रोगाआधी लाजेने मारलं, आणि लाज रानात उगवत नाही, ती आपण पेरतो.

आता चिंधूची गोष्ट सांगतो. नाव बदललेलं आहे.

चिंधू आंदर मावळातला. टाकव्याच्या पुढे, जिथे वाट खाचरांच्या बांधांवरून जाते, तिथलं गाव. आईबाप लहानपणी गेले, आत्याने वाढवलं. तिला सगळे भागूआत्या म्हणत. भात झोडून झाल्यावर पौषात ही दोघं कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत चालत आली आणि तिथून गाडीने लोणावळ्याला. चिंधू विशीतला, खांद्याने रुंद, दंडावर आवणी-कापणीचं बळ. अंगात सदरा, सदऱ्यावर बंडी, बंडीवर घोंगडी.

"खोकला हाय," चिंधू म्हणाला.

"काय न्हाई खोकला," आत्या म्हणाली. "काढ तो सदरा. हितंबी लाजणार का?"

मोठ्या डॉक्टरांनी कोट काढला. चिंधूने कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकेक करत सगळं उतरवलं.

वाढ तर होतीच, दोन्ही बाजूंना, लपवता येणार नाही इतकी. पण आधी डोळ्यांत भरली ती कातडी. काळी पडलेली, फोडांनी भरलेली, पाणी गळणारी.

"बिब्बा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"व्हय. देवरुश्यानं लावला," आत्या म्हणाली. "म्हनला, सूज असंल तर बिब्ब्यानं बसंल. न्हाई बसली तर देवीची खूण."

"मग?"

"न्हाई बसली."

बिब्ब्याचं तेल पायात काटा मोडला तर टाचेला लावतात. छातीच्या कोवळ्या कातडीवर ते म्हणजे विस्तव. माझ्या तोंडातलं पत्रक सुरू झालं. अज्ञान, अंधश्रद्धा, देवाच्या नावाने चाललेला बाजार, पोलीस. आत्या शांतपणे ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "झालं का बाबा? आता पोराचं बगा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या वैशाखात चिंधूचं लग्न ठरलं होतं. हळदीच्या दिवशी मांडवात पाट मांडला, बायका जमल्या. नवरदेवाने उघड्या अंगाने पाटावर बसायचं, आत्याने पहिली हळद लावायची. त्याच्या अंगाला लागलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, वाटीत घेऊन नवरीकडे जाते. ती लागल्याशिवाय नवरीची हळद होत नाही. चिंधू सदरा काढेना. कुणी हसत ओढू लागलं, तसा तो उठला आणि रानात निघून गेला. हळद नाही म्हणून नवरी खोळंबली, लग्न मोडल्यातच जमा. गावात कुजबुज झाली. मग देवरुषी आला, बिब्बा झाला, आणि निकाल लागला की देवीने पोराला बाई करून आपल्याकडे मागितलं आहे. चैत्री पुनवेला लुगडं नेसवून, परडी हातात देऊन त्याला देवीला वाहायचं. मग जन्मभर दारोदार जोगवा.

कुणाला आपल्या मनाने तशी वाट घ्यावीशी वाटली तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी चिंधूला सरळ विचारलं, "तुला जायचंय?"

"मला भात लावायचाय," चिंधू म्हणाला. "अन्‌ पोरगी चांगली हाय ओ. तिचा बाप म्हनतो, औंदा वैशाखात समद्यांम्होरं हळद लागली तर लगीन, न्हाई तर दुसरं बगतो."

"आणि तुम्ही, आत्याबाई? तुम्हाला काय वाटतं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

भागूआत्याने पदर सारखा केला. "देवी मागत असंल तर न्हाई कशी म्हनू? पर देवी मागती का त्यो देवरुशी मागतो, ते कळंना. तुमी बगा. कापून निगालं तर देवीचं न्हवतं."

मी तोंड उघडलं. मोठ्या डॉक्टरांनी नुसता हात वर केला. "ठरलं," ते म्हणाले.

त्यांनी चिंधूची छाती चिमटीत धरून बघितली, यकृत दाबून बघितलं, लंगोट सोडायला लावला. बाकी सगळं ठणठणीत होतं. नुसती ग्रंथी वाढली होती, कारण दिसत नव्हतं. तसं पुष्कळदा होतं. पण जळलेल्या कातडीवर सुरी लावता येत नाही. बरेच आठवडे नुसतं खोबरेल, स्वच्छ फडकी आणि वाट बघणं. चिंधू दवाखान्यातच राहिला. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, सदरा घालूनच. आत्या गावी जाऊन येऊन होती. गावात सांगितलं होतं, चिंधूला खोकला आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बसवून विचारलं, "कुठे कापणार?"

मी शिकलो होतो ते सांगितलं. खाली, जिथे वाढलेल्या छातीची घडी पडते तिथे. हात नीट जातो, सगळं समोर दिसतं.

"आणि ग्रंथी काढल्यावर घडी राहील का?"

नाही, राहणार नव्हती. सपाट छातीवर दोन आडवे वण राहणार होते.

"हळदीच्या पाटावर ते वण कुठे लपवशील? इथे कापायचं." त्यांनी कागदावर वर्तुळ काढून त्याच्या खालच्या अर्ध्या कडेवरून बोट फिरवलं. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाची कड. "जिथे दोन रंग भेटतात तिथे डोळ्याला रेघ अपेक्षितच असते. तिथे आपली रेघ लपते. पण दार लहान. आतलं सगळं त्या दारातून काढायचं, आणि सगळं काढायचं नाही. स्तनाग्राखाली एक बटणाएवढा तुकडा ठेवायचा. हावरटपणा केला तर तिथे वाटीसारखा खळगा पडतो, किंवा रक्त न मिळून वरची कातडी मरते. म्हणजे लोक एका गोष्टीला हसत होते ते दुसऱ्या गोष्टीला हसतील."

कापायचं कुठे हे पुस्तकात असतं. ते कुठे दिसणार, कुणाला आणि कोणत्या दिवशी, हे त्यांनी त्या आत्याच्या बोलण्यातून उचललं होतं.

माघातली स्वच्छ सकाळ होती. क्लोरोफॉर्म मी देत होतो, जाळीवरच्या फडक्यावर थेंब थेंब. गुंगी चढताना माणूस मनातलं बोलतो. चिंधू बैलांना हाका मारू लागला. "हो, हो, सर्ज्या! बांधावर नगं!" दाराबाहेर बसलेली आत्या आतल्या बैलांना ऐकून ओरडली, "आरं, बैल हितं न्हाईत, तू गप पड!" नर्सबाईंना हसू आवरेना. मोठे डॉक्टर मात्र त्या लहान दारातून आत गेले होते, आणि आत गेले की त्यांना बैलही ऐकू येत नसत.

निघालं ते पांढरट, चिवट, कोवळ्या खोबऱ्याच्या वडीसारखं. दोन्ही बाजूंचं थाळीत ठेवलं. रक्त साचू नये म्हणून दोन्हीकडे रबराची बारीक नळी सोडली, वर कापसाची गादी आणि त्यावर पोटापर्यंत घट्ट पट्टा. या कामात सुरीपेक्षा पट्टा महत्त्वाचा. आत मोकळी झालेली जागा दाबून बसवली नाही तर रक्त भरतं, आणि केलेलं सगळं वाया जातं.

आत्याने थाळी मागितली. मी द्यायला तयार नव्हतो. मोठ्या डॉक्टरांनी दिली, आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"यात दूद व्हतं का?" आत्याने विचारलं.

"नाही. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या छातीत हे असतं. याचं जास्त वाढलं."

"तुमच्याबी?"

"माझ्याही."

आत्याने त्यांच्या छातीकडे एकदा बघून घेतलं. "देवीनं तुमाला न्हाई मागितलं," ती म्हणाली. दोघं हसली. मग तिने ते मांस दवाखान्यामागच्या जांभळीखाली पुरलं, बाळाची नाळ पुरतात तसं, आणि वर दगड ठेवला. "निगालं," ती हात झटकत म्हणाली. "म्हंजे देवीचं न्हवतं." एवढ्यावर तिचा प्रश्न सुटला. मी आयुष्यभर पत्रकं लिहून जे सिद्ध करू पाहत होतो ते तिने एका दगडाखाली ठेवून दिलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं; पण चिंधू सुटला होता.

निदान तसं वाटलं. पट्टा बदलायच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाटेशी गेलो. डाव्या बाजूला पट्ट्याच्या विणीतून पिवळं उतरलं होतं. तळहाताएवढा डाग, कडेला ओला.

पू.

ज्याने त्या काळी दवाखान्यात काम केलं आहे त्यालाच त्या डागाची भीती कळेल. आज निदान नव्या गोळ्या तरी आहेत. तेव्हा पू झाला म्हणजे टाके सोडायचे, जखम उघडी टाकायची आणि ती तळापासून भरून येईपर्यंत थांबायचं. आणि भरून आली की तिथे ओबडधोबड, खेचलेला वण. वैशाख गेला, पोरगी गेली. देवरुषी म्हणणार, बघा, देवीने सोडलं नाही. आणि आत्या या वेळी त्याचं ऐकणार.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई जास्त," चिंधू म्हणाला. पण माझा चेहरा बघून त्याचाही उतरला. "काय झालं? काय झालं, डाक्टर?"

मी नर्सबाईंना कात्री, चिमटा, उकळलेलं पाणी आणायला सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. ते आले. डागाकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. खाली वाकले, नाक पट्ट्याला लावलं, आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"तू घे," ते मला म्हणाले.

मी वाकलो. पू घाण मारतो, तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. तो नव्हता. होता तो स्वयंपाकघरातला.

मोठे डॉक्टर ताठ उभे राहिले आणि दाराकडे वळले. "आत्याबाई! आत या."

आत्या पदरात हात लपवून आली.

"पट्ट्यात काय घातलंत?"

"मी? काय न्हाई."

"आत्याबाई."

"भंडारा हाय वाईच," आत्या म्हणाली. "खंडोबाचा. आमचं कुळदैवत हाय. पोराला जेवाय घालताना सरकवला. देवाच्या भंडाऱ्यानं काय वंगाळ व्हतंय?"

घोंगडीखाली चिंधूला रात्रभर घाम आला होता. घामाने हळद भिजून पट्ट्यातून बाहेर उतरली होती. आम्ही पट्टा सोडला. भंडारा पट्टा आणि कापसाच्या गादीच्या मध्येच राहिला होता. गादीखालची जखम कोरडी, टाके आपल्या जागी, कड गुलाबी. मी भिंतीला टेकून खाली बसलो. मला हसू येत होतं. चिंधू विचारत राहिला, "काय हाय? सांगा की कुनी तरी!" नर्सबाई म्हणाल्या, "काही नाही रे. तुझ्या आत्याने तुझी हळद आधीच उरकली."

"आत्याबाई," मोठे डॉक्टर म्हणाले, "देवाला बाहेर राहू द्या. कपाळावर लावा, दंडावर लावा, मलाही लावा. पट्ट्याच्या आत मी आहे."

आत्याने पुडी सोडली आणि खरोखरच त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. त्यांनी तो दिवसभर पुसला नाही. मला त्याचा राग आला होता, हे लिहून ठेवतो. अजूनही थोडा येतो.

त्यानंतर एक दिवस मी मोठ्या डॉक्टरांना माझा बेत सांगितला. जखम भरली की चिंधूला वडगावच्या बाजारात उभा करायचा. सदरा काढून. आणि पत्रकं वाटायची: 'देवीची खूण कापता येते.' मजकूर तयार होता, काका फुकट छापून देणार होते. एका दिवसात सगळ्या मावळात देवरुष्यांचा बाजार उठला असता.

मोठे डॉक्टर हात धूत होते. "आपण याला लोकांच्या नजरेतून सोडवलं," ते म्हणाले, "ते तुझ्या पत्रकात उभं करण्यासाठी का? त्याला विचारलंस?"

मी चिंधूला विचारलं. त्याने सदरा खाली ओढून सारखा केला. मग म्हणाला, "डाक्टर, तुमचं बराबर हाय. पर मला बगायला कुनी यावं म्हनून न्हाई कापून घेतलं. कुनी बगू नये म्हनून कापलं."

वैशाखात हळदीचं बोलावणं आलं. मी एकटाच गेलो. झोळीत पत्रकं होती. नुसती होती, असं मी स्वतःला सांगत होतो. मांडव जांभळीच्या डहाळ्यांनी झाकलेला, मधे पाट. नवरीचा थोरला भाऊ उष्टी हळद न्यायला आला होता, मांडीवर पितळेची वाटी घेऊन अगदी पाटासमोर बसला होता. तो हळद न्यायला आला होता तेवढाच बघायलाही आला होता, हे साऱ्या मांडवाला माहीत होतं. देवरुषीही आला होता. लग्नघर म्हटल्यावर तो येणारच.

चिंधू बाहेर आला. पाटाजवळ थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी अंगातला कोट काढला आणि मांडीवर ठेवला. चिंधूला किंचित हसू आलं. त्याने सदरा डोक्यावरून काढला आणि पाटावर बसला.

उन्हात राबणाऱ्या मावळ्याची छाती जशी असते तशी छाती. बिब्ब्याने काळवंडलेली कातडी थोडी वेगळी दिसत होती, बस्स. नवरीच्या भावाने बघितलं. नीट बघितलं. मग शेजारच्याला विचारलं, "चहा कुटं मिळंल का?"

बायकांनी गाणं सुरू केलं. आत्याने आंब्याची पानं हळदीत बुडवली आणि पायापासून वर नेत चिंधूच्या छातीला लावली. तिथे तिचा हात थोडा जास्त वेळ राहिला. एवढंच.

तेवढ्यात देवरुषी मोठ्याने बोलला, "बगा, देवीनं खूण परत नेली! म्या म्हनलोच व्हतो."

माझ्या तोंडात भाषण जमा झालं. झोळीवर हात गेला. पाटावरून चिंधूने मान हलवली: नको. मी तसाच बसलो. जीभ दातांखाली धरून बसणं माझ्यासारख्याला फार जड जातं.

भागूआत्या मात्र हळदीचा हात तसाच वर धरून वळली. "खूण कसली रं? पोराला खोकला व्हता. सूज आलीती ती तुज्या बिब्ब्याची! वर्सभर पोराचं लगीन खोळंबलं ते तुज्यापायी. आता आलाईस तर जेव, अन्‌ गप बस."

मांडव हसला. देवरुष्याने पंगतीत जागा धरली आणि खाली मान घालून बसला. आत्या धादांत खोटं बोलली होती. सत्यासाठी भांडायचं म्हणून मी जन्मलो, आणि त्या खोट्याला मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पत्रकं झोळीतच राहिली. वाटी भरली, नवरीचा भाऊ ती झाकून घाईने निघाला. तिकडे पोरगी वाट बघत होती.

हे लिहायच्या आधी मी चिंधूला विचारायला गेलो. दोन मुलांचा बाप आहे आता तो. खाचरात उघड्या अंगाने चिखल करत होता. म्हणाला, "लिवा की. पर नाव नगं, गावबी नगं. कुनी लाजत बसला असंल त्याला कळू द्या." तेव्हा ज्यांना खोकला आहे, त्यांना ही बातमी: या खोकल्यावर उपाय आहे. वैदूकडे, देवरुष्याकडे न जाता सरळ सर्जनकडे जा. आणि एकाच बाजूला टणक गाठ लागली तर पावसाळ्याची वाट बघू नका.

त्या हळदीहून मी परतलो तेव्हा मोठे डॉक्टर ओसरीत बसले होते. निघताना आत्याने मला मिठीच मारली होती, आणि माझ्या पांढऱ्या खादीच्या सदऱ्यावर, बरोबर डाव्या बाजूला, तिच्या हाताचा पिवळा डाग उमटला होता.

"कुणी काही बोललं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी बघितलंच नाही," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले, मान मागे टेकवली. असं सैलावून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग एक डोळा उघडून त्यांनी माझ्या सदऱ्यावरच्या डागाकडे बघितलं.

"आधी वास घे," ते म्हणाले. "मग टाके सोडू."